पैठणी विणणाऱ्याला ‘थेट’ विकता येतं का? सरकारी ऑनलाइन बाजाराचे अनुभव

आसावली | ८ ऑगस्ट, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी,

काल राष्ट्रीय हातमाग दिन झाला. १९०५ साली ७ ऑगस्टला कलकत्त्यात स्वदेशीची हाक दिली गेली, तिची आठवण म्हणून २०१५ पासून हा दिवस पाळतात. काल दिवसभर फोनवर एकच निरोप फिरत होता: ‘मधला दलाल नको, विणकराकडून थेट घ्या.’ खाली सरकारी पोर्टलचा दुवा. निरोप पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. पण गेली अडीच वर्षं मी माझ्या काकांच्या साड्या अशा एका पोर्टलवर लावतेय आणि ‘थेट’ या शब्दाच्या पोटात किती कामं दडलेली आहेत ते बघतेय. म्हणून हा धागा.

माझं माहेर येवल्याचं. घरात दोन माग. काका पंचवीस वर्षं मजुरीवर विणत होते. रेशीम व्यापाऱ्याचं, जर व्यापाऱ्याची, पदरावर मोर काढायचा की कमळ हेही तेच सांगणार. साडी मागावरून उतरली की नेऊन द्यायची आणि मजुरी घ्यायची. लग्नकार्य, दवाखाना निघाला तर उचल मिळते, ती पुढच्या मजुरीतून कापली जाते. येवल्यात आणि आजूबाजूच्या गावांत कितीतरी घरं अशीच विणतात.

सरकारी ऑनलाइन बाजार हा एकच नाही, बरेच आहेत, आणि लोक त्यांची गल्लत करतात. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचं ‘इंडियाहँडमेड’ एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालं. विणकर आणि हस्तकारागिरांनी आपला माल थेट गिऱ्हाइकाला विकावा, कमिशन शून्य, पाठवणावळ गिऱ्हाइकावर नाही, अशी त्याची मांडणी. ‘जेम’ २०१६ पासून आहे, पण तिथे खरेदी करतात सरकारी कार्यालयं. खादी आयोगाचं ‘ईखादीइंडिया’ वेगळं, बचत गटांसाठी ग्रामविकास मंत्रालयाचं ‘ईसरस’ वेगळं. तामिळनाडूची ‘को-ऑप्टेक्स’ ही विणकरांची सहकारी संस्था तर १९३५ पासूनची, तीही आता ऑनलाइन विकते.

आता आमची पहिली साडी. काकांनी स्वतःच्या पैशाने रेशीम आणि जर आणून एका मागावर राघू रंगाची साडी लावली. राघू म्हणजे पोपटी हिरवा. जुन्या लोकांच्या तोंडी पैठणीचे रंग असेच असतात, काळीचंद्रकळा, शिरोदक, राघू. ताणा (उभे धागे) पिवळा, बाणा (आडवे धागे) हिरवा, त्यामुळे साडी हलली की रंग बदलतो. पोर्टलवर रंगाच्या रकान्यात मात्र ‘हिरवा’ एवढाच पर्याय. फोटो काढायला मी नाशिकहून शनिवारी गेले. ट्यूबलाइटखाली पिवळी झाक पार गायब. शेवटी रविवारी सकाळी आठच्या उन्हात ओट्यावर काकांचं धुतलेलं धोतर अंथरलं, काकूने पदर दोन्ही हातांनी ताणून धरला, तेव्हा कुठे साडी होती तशी दिसली. उलट बाजूचा फोटोही मुद्दाम घेतला, कारण हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखाच दिसतो. विणताना प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली (छोटी कांडी), ताण्याचे धागे मोजून तेवढ्यात ती फिरवायची आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवायची. मागे लोंबणारे धागे उरतच नाहीत.

खातं उघडताना अडलं ते नावावर. पहचान कार्डावर (विणकराच्या सरकारी ओळखपत्रावर) आडनाव एका तऱ्हेने, बँकेच्या पासबुकावर दुसऱ्या. दोनदा अर्ज परत आला. ओटीपी चुलतभावाच्या फोनवर यायचा आणि तो दिवसा कामावर.

हिशेब सांगते. साडी विणायला ३५ दिवस. रेशीम आणि जर मिळून साडेसात हजार. विकली १९,५०० ला. म्हणजे हातात १२,०००. हीच साडी मजुरीवर विणली असती तर आठ हजार मिळाले असते. चार हजार जास्त मिळाले, आनंद आहेच. पण रेशीम घेतल्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत १०१ दिवस गेले. मजुरीची साडी उतरली की दुसऱ्या दिवशी पैसे मिळतात. त्या १०१ दिवसांत घर चाललं ते दुसऱ्या मागावरच्या मजुरीच्या साडीवर. आमच्याकडे एकच माग असता तर काकांना हे करताच आलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. पोर्टलवर साडी विकता येते, पण जी साडी आपली आहे तीच. मजुरीवर विणणाऱ्याची साडी त्याची नसतेच. आधी ती त्याची कशी होईल हे बघायला हवं. तुमचे अनुभव लिहा. गिऱ्हाईक म्हणूनही लिहा.

---

रानजाई | ८ ऑगस्ट, रात्री ११.०२

फार मनापासून लिहिलं आहेस. धोतरावर अंथरलेली साडी डोळ्यासमोर आली.

मी गिऱ्हाईक म्हणून सांगते. मागच्या दिवाळीत एका सरकारी पोर्टलवरून आईसाठी साडी घ्यायची ठरवली. पैसे भरताना दोनदा व्यवहार अडकला, पैसे परत यायला आठ दिवस लागले. चिकाटी धरली म्हणून मिळाली. साडी उत्तम होती, आई अजून सगळ्यांना दाखवते. पण वर्णनात फक्त ‘सिल्क साडी, हँडवोव्हन’ एवढंच. कोणी विणली, किती दिवस लागले, ब्लाउजपीस आहे का, काठ किती इंची, काही नाही. वीस हजार रुपये द्यायचे म्हणजे माणूस चार गोष्टी विचारणारच की.

---

ताळेबंद | ९ ऑगस्ट, सकाळी ८.४०

व्यवसायाने सीए आहे. दोनचार हातमाग कुटुंबांची कागदपत्रं करून दिली आहेत, म्हणून जीएसटीबद्दल लिहितो, कारण इथे बरेच जण घाबरून मागे फिरतात.

पूर्वी ऑनलाइन बाजारातून एक रुमाल विकायचा झाला तरी जीएसटी नोंदणी लागायची, उलाढाल कितीही कमी असो. १ ऑक्टोबर २०२३ पासून हे बदललं. उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल (महाराष्ट्रात मालासाठी वर्षाला ४० लाख) तर नोंदणीशिवाय ई-कॉमर्सवर विकता येतं, फक्त पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पण एक अट आहे: माल आपल्याच राज्यात विकायचा. येवल्याची साडी पुण्याला जाईल, बंगळुरूला जायची तर नोंदणीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पैठणीला बाहेरच्या राज्यांतही गिऱ्हाईक आहे, त्यामुळे ही अट चांगलीच बोचते.

आणि नावाची गोष्ट आसावलीताईंनी अगदी बरोबर सांगितली. माझ्याकडे येणाऱ्या दहा प्रकरणांतली निम्मी आधार, पासबुक आणि कारागीर ओळखपत्र यांतल्या नावाच्या फरकावरच अडतात. आधी तिन्ही कागदांवर नाव एक करून घ्या, मगच पोर्टल उघडा.

---

कोसा | ९ ऑगस्ट, दुपारी १.२०

भंडारा जिल्ह्यातून. आमच्याकडची करवतकाठी साडी पुण्या-मुंबईत फार कमी लोकांना माहीत असते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ऐन आणि अर्जुन या झाडांवर कोसा किडा पाळतात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलात. त्या टसरचं (कोशाच्या रेशमाचं) साडीचं अंग आणि सुताचा काठ. काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी, म्हणून करवतकाठी. ते दात येतात कारण काठ आणि अंग यांना वेगवेगळे धोटे लागतात, एकूण तीन, आणि प्रत्येक फेरीला ते एकमेकांत अडकवायचे. यंत्रमागावर नुसता छापल्यासारखा देखावा होतो, ते अडकवणं होत नाही.

माझे वडील कोष्टी, आयुष्यभर मागावर. त्यांनी जनता कापडही विणलं. १९७६ साली केंद्राने जनता कापड योजना आणली, गरिबांना स्वस्त साडी-धोतर मिळावं आणि विणकराला बारा महिने काम मिळावं म्हणून. नागपूरचं हातमाग महामंडळ सूत द्यायचं आणि कापड घ्यायचं. घरोघरी माग चालू होते. वडील सांगायचे, रात्री गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंनी मागाचा आवाज यायचा. नव्वदच्या दशकात योजना बंद झाली आणि तो आवाजही. वीस वर्षं जाडंभरडं जनता कापड विणण्यात गेली तेव्हा करवतकाठीचा हात कित्येकांचा सुटला तो सुटलाच. माझा मोठा भाऊ बांधकामावर गेला तो परत मागावर बसला नाही.

हे अशासाठी सांगतोय की सरकारने आमच्याकडून घेतलं तेव्हाही आम्ही फक्त मजूर होतो. सूत त्यांचं, कापड त्यांचं. तुमच्या काकांचं आणि आमचं दुखणं एकच आहे. फक्त तुमच्याकडे मालक व्यापारी होता, आमच्याकडे महामंडळ.

---

आसावली | ९ ऑगस्ट, रात्री ९.३०

@रानजाई, वर्णनाचं पटलं. आम्ही सुरुवातीला तेवढंच लिहायचो, कारण मराठीत लिहिलेलं चालेल की नाही हेच कळत नव्हतं. आता मी प्रत्येक साडीला काठाची रुंदी, पदराची लांबी, वजन, नक्षीचं नाव, ताण्या-बाण्याचा रंग, ब्लाउजपीस आणि विणायला लागलेले दिवस, एवढं लिहिते. तेव्हापासून फोन करून विचारणारे कमी झाले आणि घेणारे वाढले.

@कोसा, तुमच्या गल्लीतला तो आवाज वाचून थांबले थोडा वेळ. आमच्याकडे अजून येतो, पण तरुण पोरं मागावर बसायला तयार नाहीत हे इथेही आहे. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात ३५.२२ लाख हातमाग कामगार निघाले. आधीच्या २००९-१० च्या गणनेत ते ४३ लाखांच्या वर होते. विणकरांत ७२ टक्के बाया. आणि दोनतृतीयांश कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न पाच हजारांच्या आत. पाच हजारांत घर चालवणाऱ्याने साडेसात हजारांचं रेशीम आधी आणायचं कुठून?

---

पेढीवरचा | १० ऑगस्ट, सकाळी ११.१०

मी व्यापाऱ्याच्या घरातला. गाव सांगत नाही, पण याच धंद्यातला. धागा आवडला, लेखिकेने व्यापाऱ्याला शिव्या दिल्या नाहीत म्हणून लिहायचं धाडस करतोय.

‘मधला दलाल’ म्हणून ज्याला हटवायचं म्हणता तो काय करतो ते पाहा. बंगळुरूचं रेशीम, सुरतेची जर, दोन्ही रोखीने आणतो. भाव वर गेला तर तो तोटा आमचा. पन्नास मागांवर माल लावतो. नक्षी बदलली, रंगाची चलती गेली, तर साड्या कपाटात पडून राहतात. पौष महिन्यात लग्नं नसतात, तेव्हाही विणकराची मजुरी थांबवत नाही. २०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद होतं तरी वडिलांनी विणकरांना उचल दिली, त्यातली काही अजून फिटलेली नाही आणि आम्ही मागतही नाही. गिऱ्हाईक साडी घेऊन चार महिन्यांनी येतं, जर काळी पडली म्हणतं, तेव्हा बदलून कोण देतं?

पोर्टलने कमिशन शून्य केलं, चांगलंच झालं. पण ही जोखीम शून्य झाली नाही, ती विणकराच्या अंगावर गेली. ज्याच्याकडे चार पैसे शिल्लक आहेत त्यालाच ती पेलते.

---

आसावली | १० ऑगस्ट, दुपारी ३.४५

@पेढीवरचा, दादा, तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. माझ्या काकांच्या बायपासला निम्मे पैसे त्यांच्या शेठनी दिले होते. ते आम्ही विसरलेलो नाही.

पण दुसरी बाजूही सांगते. उचल फिटेपर्यंत काकांना दुसऱ्या कोणासाठी विणता आलं नाही. मजुरी वाढवून मागायची तर आधीची बाकी डोळ्यासमोर. १९,५०० ला गेलेल्या साडीसारखीच साडी काकांनी मजुरीवर किती वेळा विणली असेल, आणि ती शहरातल्या दुकानात कितीला गेली हे त्यांना पंचवीस वर्षांत कधी कळलंच नव्हतं. पहिल्यांदा पोर्टलवर स्वतः किंमत लिहायची वेळ आली तेव्हा काका अर्धा तास गप्प बसले. मला म्हणाले, “तूच टाक काहीतरी, मला नाही कळत साडीची किंमत.” ज्या माणसाला पदरातला एकेक धागा मोजता येतो त्याला साडीची किंमत सांगता येत नाही, हे माझ्या मनाला फार लागलं.

जोखमीचं तुमचं खरंच आहे. ती एकट्याने पेलण्यासारखी नाही.

---

वहाण | १० ऑगस्ट, रात्री ८.००

कोल्हापूरकडून नमस्कार. साडीला निदान पायाचं माप लागत नाही!

आमची चप्पल म्हणजे म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. नवीन असताना थोडी घट्ट, आठवडाभर घातली की पायाचा आकार घेते. बाजारात गिऱ्हाईक समोर असलं की हे सांगता येतं. ऑनलाइन घेणारा घरात घालून बघतो, घट्ट वाटली की परत. आम्ही एका पोर्टलवर महिनाभरात अकरा जोड पाठवले, त्यातले चार परत आले, तेही तळ रस्त्यावर घासलेले. दुसऱ्याला नवीन म्हणून विकता येत नाहीत. एका जोडाला दोन-अडीच दिवसांचं काम, तेवढं सगळं पाण्यात.

मग आम्ही उपाय केला. गिऱ्हाइकाला सांगतो, कागदावर उभे राहा, पेन सरळ धरून पाऊल आखा, त्याचा फोटो पट्टीसह पाठवा. त्यावरून जोड करतो. परत येणं जवळजवळ थांबलं. पण हे पोर्टलवर करता येत नाही, फोनवरच करावं लागतं. तयार मापाचा माल असेल तरच पोर्टल, असं त्यांचं गृहीत दिसतं.

जीआयबद्दलही (भौगोलिक मानांकनाबद्दल) सांगतो. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. गेल्या वर्षी, जून २०२५ मध्ये, इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानला तशाच चपला दाखवल्या तेव्हा सगळीकडे गाजलं. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत चौकशीचे फोन इतके आले की उचलायला माणूस नव्हता. दोन महिन्यांनी फोन थांबले. तेव्हा आमच्याकडे नीट फोटो, भाव, माप लिहिलेलं एक पान जरी तयार असतं तर त्यातली निम्मी गिऱ्हाइकं टिकली असती, असं मला अजून वाटतं.

---

निळाई | ११ ऑगस्ट, पहाटे २.३०

म्युनिकहून. इथे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दरवर्षी चारपाच जणी तरी विचारतात, खरी पैठणी कुठून घेऊ. मी पुण्यातल्या बहिणीच्या पत्त्यावर मागवते आणि कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर आणवते.

एकदा रंगाचा घोटाळा झाला होता. फोटोत गडद जांभळी, हातात आली ती वांगी रंगाची, लालसर. मी परत पाठवणार होते. बहिणीने व्हिडिओ काढून पाठवला, खिडकीपाशी साडी हलवत. तेव्हा कळलं की ताणा आणि बाणा वेगळ्या रंगांचे आहेत म्हणून असं दिसतं. आज ती माझी सगळ्यात आवडती साडी आहे. वर्णनात एक ओळ असती तर एवढं झालंच नसतं. फोटोऐवजी दहा सेकंदांचा व्हिडिओ लावायची सोय सगळ्या पोर्टलवर हवी.

---

ताळेबंद | ११ ऑगस्ट, सकाळी ९.१५

‘जेम’बद्दल कोणीतरी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं, इथेच लिहितो.

‘जेम’वर दीड लाखाहून जास्त विणकर आणि हातमाग संस्थांची नोंदणी झालेली आहे. पण तिथे पैठणी कोण घेणार? सरकारी कार्यालयाला लागतात चादरी, टॉवेल, सतरंज्या, पडदे, फडकी. असा माल विणणाऱ्या सोसायटीला ‘जेम’ चांगलं. माल स्वीकारल्यापासून १० दिवसांत पैसे द्यायचे असा तिथला नियम आहे. मात्र एका ऑर्डरला चारशे चादरी लागल्या तर एकट्या विणकराच्या आवाक्यातलं ते काम नाही, सोसायटीच हवी.

आणि खबरदारी म्हणून सांगतो, सोलापुरी चादरीला जीआय आहे, पण ती बहुतेक यंत्रमागावर निघते. जीआय म्हणजे हातमाग असं नव्हे. हातमागाची खूण म्हणजे ‘हँडलूम मार्क’, २००६ पासूनचा. रेशमासाठी ‘सिल्क मार्क’. पैठणी घेताना या दोन खुणा आणि आसावलीताईंनी सांगितलेली पदराची उलट बाजू, एवढं बघा.

---

सखी_गट | ११ ऑगस्ट, दुपारी ४.५०

मी ‘उमेद’च्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) कामात आहे, बचत गटांसोबत. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला आमच्या बाया दरवर्षी येतात. तिथे दहाबारा दिवसांत जेवढी विक्री होते तेवढी ऑनलाइन वर्षभरात होत नाही. कारण तिथे गिऱ्हाईक हात लावून बघतं आणि बाई स्वतः बोलते. बाई बोलली की माल विकला जातो.

म्हणून आमच्या तालुक्यात एक प्रयोग केला. सहा गावांच्या गटांनी मिळून बारावी झालेली एक मुलगी नेमली. तिला महिन्याला ठराविक पैसे, सगळ्या गटांनी वाटून. तिचं काम फोटो, वजन-माप, वर्णन, पार्सल बांधणं, गिऱ्हाइकाचे फोन. पहिल्या महिन्यात तिने एवढंच केलं: प्रत्येक वस्तूमागची बाई दोन मिनिटं बोलतेय असा आवाज नोंदवून घेतला आणि त्यावरून वर्णन लिहिलं. गोधडीबद्दल एक आजी म्हणाली होती, “ह्या गोधडीत माझ्या सासूच्या लुगड्याचा काठ आहे.” तेच वाक्य जसंच्या तसं घातलं. ती गोधडी पहिल्या दिवशी गेली.

पोर्टल बांधायला सरकारने पैसे घातले. आता त्या पोर्टलवर बसणाऱ्या अशा पोरींच्या पगाराला घालायला हवेत.

---

कोसा | ११ ऑगस्ट, रात्री १०.२०

@सखी_गट, हे आमच्याकडे कधी होईल? आंधळगावात अजून हात असलेले विणकर आहेत, पण सगळे साठीच्या पुढचे. त्यांच्याकडून फोटो-ओटीपीची अपेक्षाच करू नये. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवतकाठी, खण आणि घोंगडी ही पाच कापडं जपायची म्हणून लिहिलंय. त्यात अशा मुलीचा पगार बसवावा. पाच कापडांना पाच तालुक्यांत पाच मुली, सुरुवात एवढी तरी.

---

पेढीवरचा | १२ ऑगस्ट, सकाळी १०.००

वडिलांना धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, रेशीम उधार देऊन साडी विणकराच्याच नावावर राहील असं करायला व्यापाऱ्याची ना नसते, रेशमाचे पैसे ठरल्या दिवशी परत येणार असतील तर. आमच्याकडे अशी तीन घरं आहेत. त्यांनी रेशीम आमच्याकडून नेलं, साडी स्वतः विकली, रेशमाचे पैसे दिले. म्हणजे होऊ शकतं. पण ती घरं चांगली खाऊनपिऊन सुखी आहेत.

---

ताळेबंद | १२ ऑगस्ट, दुपारी १२.३०

याला जोडून. विणकर मुद्रा कर्ज ६ टक्के व्याजाने मिळतं, आणि मार्जिनचे पैसे (कर्जदाराने स्वतः घालायचा वाटा) म्हणून कर्जाच्या २० टक्के, जास्तीत जास्त २५,००० रुपये, सरकार भरतं. साडेसात हजारांच्या रेशमाचा आसावलीताईंचा प्रश्न यातून सुटू शकतो. तीन साड्यांचं रेशीम एकदम घेतलं तर एक मागावर, एक पोर्टलवर, एकीचे पैसे यायचे आहेत, असं चक्र फिरतं. बँकेत जाताना विणकर ओळखपत्र आणि पोर्टलवर झालेल्या विक्रीचा कागद न्या. विक्री दाखवली की बँकेतला माणूस वेगळ्या नजरेने बघतो, हा माझा अनुभव.

---

आसावली | १७ ऑगस्ट, रात्री ९.५०

पाच दिवस येता आलं नाही, क्षमस्व. येवल्यात होते.

@ताळेबंद, तुमचा सल्ला काकांना सांगितला. अडीच वर्षांत पोर्टलवर विकलेल्या चौदा साड्यांची यादी छापून घेतली, तारखा आणि रकमांसकट. गुरुवारी काका आणि मी बँकेत गेलो. कर्जाचा अर्ज दिलाय. साहेबांनी यादी दोनदा वाचली आणि विचारलं, “या सगळ्या तुम्ही स्वतः विणल्यात?” काका म्हणाले, “तेरा मी, एक हिच्या काकूनं.” काकूने विणलेली कुठली, हे मलाही माहीत नव्हतं. घरी येऊन विचारलं तेव्हा कळलं, मुनियाच्या (छोट्या पोपटांच्या) काठाची ती काळीचंद्रकळा. सगळ्यात लवकर गेलेली साडी. पोर्टलवर विणकर म्हणून काकांचंच नाव होतं. आता काकूचं वेगळं ओळखपत्र काढायला टाकलंय, आणि या वेळी तिन्ही कागदांवर नाव एकच आहे ना ते आधी बघून घेतलं.

@पेढीवरचा, काकांचे शेठ रेशीम उधार द्यायला तयार आहेत, एका साडीचं, ९० दिवसांसाठी. तुमच्या वडिलांचं म्हणणं काकांनी त्यांना सांगितलं होतं. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

@निळाई, व्हिडिओची सोय नाही म्हणून चार फोटोंची ओळ लावतेय: सावलीत, उन्हात, पदर उलटा, आणि चौथ्यात काकूने साडी हलवताना. चौथा थोडा हलल्यासारखा आलाय पण रंग त्यातच खरा दिसतो. मंजूर होतो का ते बघते.

@सखी_गट, त्या मुलीच्या कामाची यादी आणि गटांनी पैसे कसे वाटून घेतले ते सविस्तर लिहाल का? आमच्या गल्लीत नऊ माग आहेत, त्यातले चार जण स्वतःची एक तरी साडी लावायला तयार झालेत. एक मुलगी आहे, यंदाच बारावी झाली, फोटो छान काढते. तिची आई विचारतेय, पगार किती देणार.